पहिल्या पेशंटचा फोटो

हॅमिल्टनमध्ये कुणाला स्वतःचा दवाखाना टाकायचा असला, फिजिओथेरपिस्ट असो नाहीतर समुपदेशक, की त्याला कुणी ना कुणी सांगतंच, "आधी सुलभाताईंना गाठ. जागा मग बघ." मराठी माणसं त्यांना ताई म्हणतात, गोरी माणसं सुला म्हणतात, आणि मसाजचं काम करणारी एक माओरी बाई दारातूनच "किया ओरा, आंटी!" अशी हाक घालते. गराजला लागून असलेल्या एका खोलीत सुलभाताईंचं ऑफिस आहे. एक टेबल, एक प्रिंटर, एक हीटर, आणि भिंतभर फायली.

आता पाटी लावायला काय लागतं हो? गाळा भाड्यानं घेतला, पलंग टाकला, झालं. पण दारात आलेला पेशंट पहिला प्रश्न विचारतो, "माझा विमा इथं चालतो का?" आणि विमा चालायचा तर विमा कंपनीच्या यादीत तुमचं नाव लागतं. त्या यादीत नाव घालून घेणं म्हणजे लग्न जमवण्याहून कटकटीचं काम. पदवी दाखवा, नोंदणी दाखवा, दरवर्षीचं सर्टिफिकेट दाखवा, पोलिसांचा दाखला आणा, दोन वरिष्ठांना तुमच्याबद्दल चार बरे शब्द लिहायला लावा. त्यातून एक कागद इकडचा तिकडे झाला की सगळं बाड परत. मग तीन वर्षांनी ती मंडळी पुन्हा विचारतात, तुम्ही अजून तेच आहात ना? हे सगळं सुलभाताई करून देत. चौदा वर्षांत त्यांचा एकही अर्ज परत आला नव्हता. "तारीख म्हणजे तारीख," असं त्या प्रत्येकाला बजावत. "सही चुकली तर पुन्हा करता येते. तारीख खोटी घातलीत तर मी ओळख दाखवणार नाही, सांगून ठेवते."

त्या स्वतःही फिजिओथेरपिस्टच. चिंचवडला अकरा वर्षं त्यांचा दवाखाना होता. नवऱ्याला, सुरेशरावांना, इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि २००९ साली सगळं आवरून त्या इकडे आल्या. इथल्या नोंदणी मंडळानं सांगितलं, तुमचा अभ्यासक्रम जुना, एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काम करा, दोन परीक्षा द्या. त्या पहिल्या परीक्षेत पास झाल्या. दुसरीच्या वेळी सासूबाई आजारी पडल्या आणि त्या पुण्याला गेल्या. परत आल्यावर पुन्हा पहिलीपासून द्यायची होती. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ज भरला आणि पाठवलाच नाही. एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसल्या, तिथं कागद शिकल्या, आणि मग दुसऱ्यांचे कागद करत राहिल्या. स्वतःची पदवी त्यांनी फायलींच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती इथं चालत नाही. तिकडच्या नोटेसारखी आहे ती."

धैर्यशील त्यांच्याकडे आला तेव्हा तीस वर्षांचा होता. मूळचा कराडचा, विद्यार्थी म्हणून आला आणि इथलाच झाला. ऑकलंडला माउंट वेलिंग्टनमध्ये पाच वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबला होता. हात असा, की सुलभाताईंचा आखडलेला खांदा त्यानं चहा व्हायच्या आत, नुसता दाबून बघून, नेमका कुठं धरलाय ते सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खांदा दुखला म्हणून आलं, असं त्यांनी त्याला सांगितलं.

त्याचे कागद त्यांनी जरा जास्तच मन लावून केले. 'ते रापा'मध्येच टायरच्या दुकानाशेजारी त्यानं गाळा घेतला, तेव्हा भिंतींचा रंगसुद्धा त्यांनीच ठरवला. त्याची बायको दीप्ती हसून म्हणायची, "ताई, दवाखाना नक्की कुणाचा आहे?" आणि ताईसुद्धा हसायच्या.

अर्ज ऑगस्टमध्ये गेला होता. कंपनीचं उत्तर सप्टेंबर संपला तरी आलं नव्हतं. धैर्यशील म्हणाला, "थांबूया ताई. पत्र आलं की उघडू." हे खरं तर त्यांचंच शिकवलेलं वाक्य. पण पाच ऑक्टोबरला दसरा होता. चिंचवडचा त्यांचा दवाखाना दसऱ्यालाच उघडला होता, दाराला तोरण, पाटीला हळदकुंकू, आणि पहिली पेशंट शेजारची एक शिक्षिका, मान धरलेली. हे त्यांना त्या वर्षी रोज आठवायला लागलं होतं.

"अरे, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे," त्या म्हणाल्या. "हा सोडून काय नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी उघडणारेस? पत्र काय, आज ना उद्या येईलच. मी केलेला अर्ज आहे तो."

झालं! ताईंनी म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? ऑक्टोबरात इथं झेंडू कुठला मिळायला, म्हणून त्यांनी दोन दिवस बसून केशरी कागदाची फुलं केली. तोरण लागलं, नारळ फुटला, टायरच्या दुकानातली दोन पोरं पेढे खाऊन गेली. आणि पहिला पेशंट कोण? अर्थात सुलभाताई. खांदा होताच. धैर्यशीलनं तासभर त्यांच्यावर उपचार केले, आणि दीप्तीनं त्या दोघांचा फोटो काढला.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. "तुमच्याकडून घेऊ होय मी?"

"गप रे. भवानी फुकटात होत नसते. पहिलंच गिऱ्हाईक फुकट गेलं तर बरकत येईल का? माझा विमा आहे ना, लाव क्लेम."

कंपनीचं पत्र नंतर आलं. मंजुरी होती, पण चौदा ऑक्टोबरपासून. त्याच दुपारी धैर्यशीलचा फोन आला. "ताई, तुमचा क्लेम जात नाहीये. चौदाच्या आधीची तारीख कंपनीचा कॉम्प्युटर घेतच नाही. राहू दे, मी सोडून देतो."

"सोडून कसा देतोस? पहिली भवानी बुडवायची?" सुलभाताई त्या वेळी दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज तपासत होत्या. "चौदा टाक. उपचार केलेस ना? केलेस. मग नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

त्यानं विचारलं, "टाकू?"

"टाक म्हणते ना!"

आता काय म्हणावं या बाईला? जगाला तारीख म्हणजे तारीख सांगणारी, आणि आपल्या एका हौसेपायी दुसऱ्याला खोटी तारीख घालायला लावून मोकळी! पण त्या क्षणी त्यांना ते खोटं वाटलंच नाही, हेही खरं. आपल्या माणसाचं शुभ करतो आहोत, एवढंच वाटलं. फोन ठेवून त्यांनी समोरच्या अर्जातल्या तारखा पुन्हा एकदा तपासल्या.

दवाखाना चालला. चालला म्हणजे काय, धावला! कारखान्यातले पाठ धरलेले कामगार, रग्बी खेळणारी पोरं, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या. दहातले सात जण त्या विम्याच्या जोरावर येणारे. धैर्यशीलनं दुसरा पलंग घेतला, घर घेतलं, मुलगी झाली. मुलीचं नाव ताईंनाच विचारून ठेवलं. आणि तो दसऱ्याचा फोटो त्यानं फ्रेम करून दवाखान्यात दारासमोर लावला. कागदी झेंडूचं तोरण, पलंगावर बसलेल्या सुलभाताई, त्यांच्या खांद्यावर त्याचे हात. खाली त्यानं वळणदार मराठी अक्षरात लिहिलं होतं: पहिला पेशंट, विजयादशमी, ५ ऑक्टोबर २०२२.

तीन वर्षं होत आली, तशी पुन्हा तपासणी आली. या वेळी कंपनीकडून एक बाई प्रत्यक्ष दवाखाना बघायला येणार होती. हेदर नाव तिचं. साठीची, बारीक केसांची, हसरी. सुलभाताई मुद्दाम तिथं जाऊन बसल्या होत्या. कागद सगळे चोख. हेदर एकेक फाईल बघून "स्वीट अ‍ॅज, स्वीट अ‍ॅज", म्हणजे झकास, झकास, म्हणत पुढं जात होती. दोन तासांत तपासणी आटपली. ताईंनी डब्यातनं चिवडा आणला होता, तो तिनं दोनदा घेतला. जाता जाता पायात बूट घालताना तिची नजर फोटोवर गेली.

"ओ, ही तुम्हीच ना?"

"मीच!" ताईंचा ऊर भरून आला. "मी याची पहिली पेशंट. आमच्याकडे एक शुभ दिवस असतो, त्या दिवशी उघडला दवाखाना. पहिला उपचार माझ्यावर."

"किती छान. आणि खाली काय लिहिलंय?"

मराठी अक्षरं, मराठी आकडे. तिला काय कप्पाळ वाचता येणार होतं! तो फोटो आणखी तीस वर्षं तिथं लटकला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. पण ताईंनी चष्मा लावला, आणि बोट ठेवून ठेवून तिला इंग्रजीतून वाचून दाखवलं. पहिला पेशंट. विजयादशमी. पाच ऑक्टोबर, दोन हजार बावीस.

हेदर एका पायात बूट घालून तशीच उभी राहिली. "पाच?" ती म्हणाली. तिच्या हातातल्या फाईलच्या पहिल्याच पानावर मंजुरीची तारीख होती, चौदा ऑक्टोबर. ताईंनी मागं वळून धैर्यशीलकडे बघितलं आणि त्याचा पांढराफटक चेहरा बघून त्यांना सगळं एकदम कळलं. हेदर वाईट बाई नव्हती. तिनं तिथं काही लिहिलं नाही, काही विचारलं नाही. चिवड्याबद्दल आभार मानले आणि गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिली.

आठवड्यात पत्र आलं. दवाखान्याच्या पहिल्या महिन्यातल्या सगळ्या पेशंटांच्या नोंदी पाठवा.

सुलभाताई धावत त्याच्याकडे गेल्या. "हे बघ, सांगून टाक की पाच तारखेला नुसता मुहूर्त होता. फोटोपुरतं बसले होते मी. उपचार चौदालाच झाले. मी लिहून देते तसं. पेशंटच मी आहे, माझ्याशिवाय कुणाला माहितीय?"

धैर्यशील खुर्चीत बसून होता. "ताई, उपचारांच्या नोंदी मी त्याच दिवशी लिहिल्यात. पाच तारखेच्या. तुमचा खांदा किती वर जातो, कुठं दुखतं, सगळं. फक्त क्लेमवर चौदा आहे."

"मग त्या नोंदी..."

"त्या बदलू?" तो म्हणाला. त्यानं राग नाही केला. खरंच विचारावं तसं विचारलं. "तुम्ही म्हणालात तर बदलतो."

आता मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. तीन वर्षांपूर्वीही त्यानं असंच विचारलं होतं. टाकू? आणि आपण म्हणालो, टाक. "नको," त्या म्हणाल्या. "आहेत तशा पाठव बाबा."

घरी येऊन त्यांनी कंपनीला स्वतः पत्र लिहिलं. साधं, सरळ, एकही गोष्ट न लपवता. दवाखाना मंजुरीआधी उघडायला मी लावला, तारीख घालायला मी सांगितली, तो नको म्हणत होता, चूक माझी आहे, शिक्षा मला करा. सुरेशरावांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, तुझं काम जाईल. कोण देईल तुला कागद?"

"जाऊ दे गेलं तर! त्या पोराचं आयुष्य जातंय तिकडे, आणि मी इथं फायली लावत बसू?"

त्यांची मुलगी श्रिया स्वयंपाकघरात टोस्ट करत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीच. ती म्हणाली, "मम, इट्स नॉट युअर क्लिनिक." तिनं समजूत घालायला म्हटलं होतं. ताई खोलीत निघून गेल्या आणि दार लावून रडल्या.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं होतं. पत्राबद्दल आभार. अर्जातल्या आणि क्लेममधल्या माहितीला सही करणारा उपचारक एकटाच जबाबदार असतो. आपण आमच्या यादीतल्या उपचारक नसल्यामुळे आपल्या निवेदनाची नोंद आम्हाला घेता येत नाही.

ताईंनी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. "बघा," त्या सुरेशरावांना म्हणाल्या, "माझी पदवी चालली नाही यांना. आता माझं पापही चालत नाही." सुरेशरावांनी चहा ठेवला.

सप्टेंबरच्या अखेरीस निकाल लागला. धैर्यशीलचं नाव पाच वर्षांसाठी यादीतून काढलं. एका क्लेमपायी! पण ताईंना त्यात अन्यायही दिसेना. त्यांनीच शंभर जणांना सांगितलं होतं, एक तारीख खोटी निघाली की ते बाकीच्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. पेशंट आठवड्याभरात पांगले. चांगली माणसं होती, हळहळली, मिठ्या मारून गेली, आणि जिथं विमा चालतो तिथं गेली. महिन्यात पाटी उतरली. टायरच्या दुकानातल्या पोरांनीच पलंग उचलून गाडीत घातले.

पाटी उतरली त्या दिवशी ताई गेल्या होत्या. दीप्ती खोकी भरत होती. ती तीन वर्षांत ताईंना कधी उलट शब्द बोलली नव्हती. तो फोटो भिंतीवरून काढून तिनं त्यांच्या हातात दिला. "हा तुम्हीच न्या ताई," ती म्हणाली. "तुमच्या एका भवानीपायी गेलं हो आमचं सगळं." आणि मग तीच रडायला लागली, म्हणाली, "चुकून बोलले." पण ती चुकून बोलली नव्हती, आणि ताईंनाही ते ऐकून बरंच वाटलं. निदान कुणीतरी त्यांना जबाबदार धरलं.

बाकी कुणी धरलंच नाही, हे खरं दुखणं होतं. धैर्यशीलनं त्यांचं नाव कुठं काढलं नाही. लोकांना म्हणाला, माझा हलगर्जीपणा. त्यामुळे ताईंचं एकही काम गेलं नाही. उलट लोक म्हणायचे, बघा, ताईंचं ऐकलं असतं तर असं झालं नसतं! दर आठवड्याला नवा कुणीतरी फाईल घेऊन यायचा. त्या कागद करायच्या, पण "तारीख म्हणजे तारीख" हे म्हणणं त्यांनी सोडून दिलं.

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी धैर्यशील आला. क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये एका मोठ्या दवाखान्यात नोकरीची जागा होती. तिथला विमा वेगळा, त्यांची यादी वेगळी, पण फॉर्म तसाच. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या कुणाकडून करून घे रे," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताला यश नाही."

"दुसरं कोण आहे माझं इथं?" तो म्हणाला. "तुम्हीच भरा, ताई."

त्या भरत गेल्या. नाव, जन्म, पदवी, नोंदणी. त्याचे सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. चौथ्या पानावर तो प्रश्न आला. आजवर कुठल्याही विमा कंपनीनं तुमचं नाव नाकारलं आहे किंवा काढून टाकलं आहे का? चौदा वर्षांत त्यांनी या चौकटीत प्रत्येकासाठी 'नाही'वर खूण केली होती. त्या नेहमी म्हणायच्या, बाकी काहीही निस्तरता येतं, पण इथं एकदा 'हो' लागलं की मरेपर्यंत प्रत्येक फॉर्मवर 'हो'च. पेन हातात धरून त्या थांबल्या. मग त्यांनी 'हो'वर खूण केली.

खाली तीन ओळी होत्या. कारण द्या.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. "खरं लिहू? मी सांगितलं म्हणून लिहू?"

"नको," धैर्यशील म्हणाला. "तिथं दुसऱ्याचं नाव चालत नाही, ताई. तुम्हीच शिकवलंय. लिहा, मी चुकीची तारीख लिहिली."

सुलभाताईंनी लिहिलं. मी चुकीची तारीख लिहिली. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या पेनानं. मग त्यांनी फॉर्म फिरवून त्याच्यापुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यानं सही केली. सहीशेजारी तारखेची रिकामी चौकट होती. तिथं त्याचं पेन अडलं, आणि त्यानं वर त्यांच्याकडे बघितलं.

"कुठली टाकू, ताई?"

"आजचीच," त्या म्हणाल्या. "आजचीच टाक रे बाळा."